साठ किलोमीटरवर कुणी नाही

हेलिकॉप्टर मला उतरवून परत गेलं तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि टेकडीवर अजून गुडघाभर बर्फ होता. पंख्याचा आवाज दक्षिणेकडे बारीक होत होत संपला. मग काहीच ऐकू येईना. पाण्याची पिंपं, खाण्याची खोकी आणि मी, असे आम्ही बर्फात उभे होतो. सगळ्यात जवळचं माणूस साठ किलोमीटरवर, दुसऱ्या टॉवरवर.

माझं नाव ओरिसिया हाव्रिलुक. घरचे ओरी म्हणतात. तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते. आमचं घर कॅनडात, एडमंटनच्या पूर्वेला, जिथं दर थोड्या अंतरावर शेतात युक्रेनियन चर्चचा घुमट दिसतो त्या भागात. आई सहा वर्षांपूर्वी गेली. वडिलांना आम्ही तातो म्हणतो. त्यांनी आयुष्यभर कौंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवलं आणि मग निवृत्त होऊन दिवसभर खिडकीतून तेच रस्ते बघत बसले.

उत्तर अल्बर्टाच्या जंगलात आगीवर नजर ठेवायला असे टॉवर आहेत. वर एक काचेची खोली, खाली एक लाकडी झोपडी, आणि पाच महिने एकच माणूस. धूर दिसला की रेडिओवर कळवायचं. मी ही नोकरी धरली तेव्हा तातो म्हणाले, "माणसांत काम मिळेना का तुला?"

माणसांतलं काम होतं. गावातल्या चष्म्याच्या दुकानात मी आठ वर्षं होते. लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचा, कानामागे काडी नीट करायची, आरसा पुढं धरायचा. दुकानात भिंतीभर आरसे. आरशात जी बाई दिसायची तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. केस नीट, बोलणं गोड, गिऱ्हाइकांना आवडायची. पण कुणी "मॅडम" म्हणून हाक मारली की मी जरा उशिरा वळायचे, म्हणजे हाक मला आहे हे आधी आठवावं लागायचं. आणि ब्लाऊजच्या आत जे होतं ते दिवसभर जाणवायचं, बुटात खडा असल्यासारखं. चालता येतं, पण दुसरं काही मनात राहत नाही.

याला काय म्हणायचं ते मला माहीत होतं. फोनवर वाचलं होतं, दुसऱ्यांचं ऐकलं होतं. ते माझंच आहे की वाचून वाचून लागलेलं आहे, एवढंच माहीत नव्हतं. माझी मावसबहीण लाना, जिचं गावात केस कापायचं दुकान आहे, तिला मी एकदा ईस्टरच्या जेवणानंतर भांडी पुसताना थोडंसं सांगितलं. ती म्हणाली, "तुला त्या फोननं बिघडवलंय गं. नाहीतर त्या नाचाच्या बाईनं."

नाचाची गोष्ट अशी. मी सहा वर्षांची असताना चर्चच्या हॉलमध्ये आमचा युक्रेनियन नाचाचा वर्ग असायचा. मुलींच्या डोक्यावर फुलं आणि रिबिनी, मुलांना लाल घोळदार पायजमे. त्या वर्षी मुलगे कमी पडले आणि बाईंनी उंच म्हणून मला मुलांच्या ओळीत घातलं. तो हिवाळा मला अजून आठवतो. लोकरीचा पायजमा टोचायचा आणि मी तो घरी आल्यावरही काढत नसे. लानाचं म्हणणं, हे सगळं तिथून सुरू झालं.

मी एडमंटनला एका समुपदेशक बाईंकडे तीनदा जाऊन आले. त्या विचारायच्या, "असं कधीपासून वाटतं?" मी विचारायचे, "हे येतं कुठून?" तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "कुठून ते कळलं, तर तू काय करशील?"

मी म्हटलं, "तिथं जाऊन ते बंद करता येतं का बघेन."

टॉवरवर यायचं कारण हेच होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. माझा हिशेब सोपा होता. जर हे लोकांच्या बघण्यातून येत असेल, त्यांच्या हाकांतून, आरशांतून, फोनमधून, तर जिथं यातलं काहीच नाही तिथं ते थांबायला हवं. टॉवरवर फोन लागत नाही. झोपडीत आधीच्या माणसानं खिळ्याला लटकवलेला दाढीचा छोटा आरसा होता, तो मी पहिल्याच संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली टाकला.

आणि ते थांबलं.

पहिले तीन आठवडे मला विश्वास बसत नव्हता. सकाळी उठायचं, हवा आणि वारा मोजून रेडिओवर सांगायचं, मग शंभर फुटांची शिडी चढायची. वर काचेच्या खोलीत एक स्टूल, दुर्बीण आणि दिशा मोजायची तबकडी. दर पंधरा मिनिटांनी सगळं क्षितिज एकदा नजरेखालून घालायचं. पांढऱ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं हिरवं. एक अस्वल कुंपणाच्या बाहेरून रोज जायचं आणि माझ्याकडे ढुंकून बघायचं नाही. मला कुणी काही म्हणत नव्हतं, त्यामुळं मी काहीच नव्हते. फक्त दोन डोळे होते. रेडिओवरसुद्धा आम्हाला टॉवरच्या नावानंच हाक मारतात. मी ऑटर रिज. "ऑटर रिज, हवामान सांगा." एवढंच.

मी वहीत लिहिलं की ते लोकांकडून येतं, हे सिद्ध झालं. खाली तारीख घातली, अठरा मे. लिहिताना आनंद झाला. पण मग पुढं काय? जन्मभर टॉवरवर राहायचं?

मेच्या शेवटी उकाडा आला. झोपडीमागं पत्र्याचा आंघोळीचा मोठा टब होता. दुपारभर पिंपातलं पाणी उन्हात तापवून मी त्यात बसले. वारा पडला होता, माश्या नव्हत्या. अंगाला साबण लावता लावता माझ्या लक्षात आलं, की मी बनियन घालून आंघोळ करतेय.

आठवून बघितलं. एप्रिलपासून प्रत्येक वेळी मी तसंच केलं होतं. अंग ओल्या कपड्यावरून धुवायचं, मग पाठ फिरवून, घाईनं, कोरडा कपडा चढवायचा. पाठ कुणाकडे फिरवत होते? चारी बाजूंना फक्त झाडं होती. मी बनियन काढून बघायचं ठरवलं. गळ्यापर्यंत वर नेलं आणि हात थांबले. खाली बघणं जमेना. तोच खडा, तसाच टोचत होता. तो गेलेलाच नव्हता. माझ्याशिवाय कुणी नव्हतं म्हणून आवाज करत नव्हता, एवढंच.

पाणी थंड होईपर्यंत मी तिथं बसून राहिले. मग उठून वहीतलं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आधीचा एकटेपणा हलका होता, हा जड होता. पहिल्यांदा मला कुणाशी तरी बोलावंसं वाटू लागलं, आणि बोलायला होती वर्ना.

वर्ना साठ किलोमीटर दक्षिणेच्या मूसहॉर्न टॉवरवर होती. त्रेसष्ट वर्षांची, तिचा हा चोविसावा उन्हाळा. कामाची वेळ संपली की संध्याकाळी सातला ती दुसऱ्या चॅनेलवर यायची. तिचा चेहरा मी पाहिलेला नव्हता. आवाज खरखरीत, आणि हसली की खोकायची.

"काय खाल्लंस गं आज?" असं ती सुरू करायची.

"डब्यातलं सूप."

"परत? तुझ्या बापानं पाठवलेले ते बटाटा भरलेले पिरोही संपवलेस वाटतं."

"पंधरा उरलेत. जपून खातेय."

"जपून काय खातेस, सोनं आहे का ते? खा पोरी. उद्या अस्वलानं तुलाच खाल्लं तर पिरोही वाया जातील."

मी हसायचे. तिच्या प्रत्येक वाक्यात "गं" आणि "पोरी" असायचं, आणि तरी मी रोज सातची वाट बघायचे. माणूस एवढं एकटं असलं की कुठल्याही नावानं हाक मारून घेतं.

जूनमध्ये खालच्या तळावरून रेडिओवर हवामान विचारणारी बाई बदलून गॉर्डी आला. पन्नाशीचा, आधी लाकडाचे ट्रक चालवायचा. त्यानं कागद न वाचताच पहिल्या सकाळी मला हाक दिली. माझा आवाज मुळातच जाड, त्यात सकाळी पहिलंच बोलणं, घसा बसलेला.

"ऑटर रिज, बोल रे बाबा. काय म्हणतंय हवामान?"

मी आकडे सांगितले.

"मस्त. पाऊस नाही म्हणजे तुझी आजची आंघोळ नाही. मजा कर रे."

रेडिओ बंद झाला. मी पेन हातात धरून उभी होते. छातीत काहीतरी सैल झालं होतं, म्हणजे इतकी वर्षं ते आवळलेलं होतं हे तेव्हा कळलं. एका ट्रकवाल्यानं चुकून "रे" म्हटलं होतं, बस. मी शिडी चढले तेव्हा मधे एकदाही थांबले नाही.

मी त्याची चूक सुधारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गॉर्डीला सगळ्यांशी गप्पा मारायची सवय होती. "काय रे, झोप झाली का? ढग कुठवर आले रे?" बावीस दिवस मी त्याच्यासाठी पुरुष होते. सकाळची ती दोन-तीन मिनिटं मी दिवसभर पुरवून वापरायचे. एकदा आंघोळीला बसले आणि बनियन काढलं. डोळे मिटूनच, पण काढलं.

म्हणजे आता सगळंच गोंधळाचं झालं होतं. कुणी नसतानाही ते होतं, म्हणजे ते माझ्या आतलं. पण एका परक्या माणसाच्या एका अक्षरानं ते उतरत होतं, म्हणजे लोकांतलंही. दोन्ही खरं कसं असेल ते मला समजेना. मी टॉवरवर बसून तासन्‌तास यावर डोकं फोडलं. धूर शोधायचा असतो तेव्हा एका टॉवरवरून फक्त दिशा कळते, जागा नाही. दुसऱ्या टॉवरनंही दिशा दिली तरच दोन रेघा कुठं छेदतात ते सापडतं. माझ्याकडे माझी एकच रेघ होती.

मग वर्नानं ते केलं. वाईट मनानं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या हवामानाच्या वेळी, आठ टॉवर ऐकत असताना.

गॉर्डी म्हणाला, "ऑटर रिज, आज तुझा आवाज बसलाय रे. रात्री बियर जास्त झाली का?"

मी उत्तर द्यायच्या आत वर्ना मधे बोलली. "अरे गॉर्डी, कान धुऊन ये जरा. महिनाभर ऐकतेय मी. ती पोरगी आहे. ओरिसिया नाव आहे तिचं."

रेडिओवर जरा खरखर झाली. कुणीतरी हसलं. गॉर्डी म्हणाला, "अरे देवा. माफ करा हं मॅडम. खरंच माफ करा. मला कुणी सांगितलंच नाही."

"काही हरकत नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी वर्ना खुशीत होती. "बरं झालं ना बोलले? तू भिडस्त आहेस, तू नसतं सांगितलंस."

मी म्हटलं, "डोकं दुखतंय," आणि रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी सातला लावलाच नाही. तिसऱ्या दिवशीही. गॉर्डी आता फार अदबीनं बोलायचा, "सुप्रभात मॅडम, हवामान सांगता का?" त्याची गंमत बंद झाली ती झालीच. माझ्यावरचा तिचा उपकार मला रोज सकाळी साडेसातला ऐकावा लागायचा.

दहा दिवस मी कामाचे शब्द सोडून काही बोलले नाही. एके दिवशी अस्वलाला "काय रे" म्हटलं आणि स्वतःच्या आवाजानं दचकले. पिरोही संपले. मी टॉवरवरून उतरायचे तेव्हा शिडीच्या मधोमध थांबायचे, कारण खाली काही नव्हतं आणि वरही काही नव्हतं. परत जायचा अर्ज करावा असं वाटायचं. पण परत जाऊन कोणत्या आरशासमोर उभं राहायचं?

सोळा जुलैला दुपारी पाऊस न पडता विजा पडल्या. साडेचारच्या सुमाराला दक्षिणेला झाडांवर एक करडा धागा दिसला. धुकं असेल म्हणून मी पाच मिनिटं बघितलं. धागा जाड झाला, खालून काळा. मी दिशा मोजून कळवलं. गॉर्डीनं मूसहॉर्नला विचारलं. वर्नाचा आवाज लगेच आला, तिनंही दिशा दिली, आणि रेघा छेदल्या तिथून तिचा टॉवर नऊ किलोमीटरवर होता. वारा तिच्याकडेच होता.

"मूसहॉर्न, सामान बांध," गॉर्डी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हेलिकॉप्टर निघालंय."

"तळावर तर धूर आहे रे. उतरवणार कुठं मला?"

"ऑटर रिजवर. ऑटर रिज, जागा आहे ना मॅडम?"

"आहे," मी म्हटलं.

वर्ना उतरली ती एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात टोमॅटोचं कुंडीतलं रोप घेऊन. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, पुरुषी बूट घातलेली. मी कल्पना केली होती तशी मुळीच नव्हती. ती माझ्याकडे वर बघत म्हणाली, "किती उंच आहेस गं तू," आणि मग दक्षिणेकडे वळून उभी राहिली. चोवीस वर्षं ती जिथं राहिली तिथं आकाश तांबूस काळं झालं होतं. मी तिच्या हातातलं रोप घेतलं.

ती तीन दिवस राहिली. आग तिच्या झोपडीपाशी वळली आणि टॉवर वाचला, पण ते चौथ्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपडीत भट्टीसारखं तापलं होतं. वर्ना नुसत्या गंजीवर बसली होती आणि मी बटणं लावलेल्या शर्टात.

"अंगात काय काय घातलंयस तू?" ती म्हणाली. "घामानं निथळतेयस."

"सवय आहे."

"आत दोन बनियनं आहेत. दोरीवर वाळताना बघितली. पुरुषांची, घट्ट." ती थांबली. "माझ्यावर का रागावलीस? रेडिओ का बंद केलास? विचार करून करून थकले मी. कुठं चुकले ते सांग, म्हणजे सुटेन."

मी चहाचं पाणी ठेवलं, कारण तिच्याकडे पाठ करायला काहीतरी हवं होतं. आणि सांगितलं. गॉर्डीचे बावीस दिवस, आंघोळीचा टब, जाळलेलं पान. चष्म्याचं दुकानही सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मधेच म्हटलं, "कदाचित हे खरं नसेलही. कदाचित नाचामुळं असेल." पाणी उकळून अर्धं झालं तरी मी बोलतच होते.

वर्ना म्हणाली, "हे बघ, इथं वर राहून सगळ्यांचं डोकं फिरतं. एका वर्षी मी घुबडाशी भांडले होते, आठवडाभर अबोला होता आमचा. हे तसं तर नाही ना?"

"हे मी घरून आणलंय."

"हं." तिनं कपाळ पुसलं. "मला कळत नाही, खोटं कशाला बोलू? आमच्या वेळेला असं काही ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं असेल, लक्ष दिलं नसेल." थोड्या वेळानं म्हणाली, "मला लोक विचारतात, तू दरवर्षी एकटी कशाला जातेस. नवरा गेला म्हणून का? मी हो म्हणते. त्यांना बरं वाटतं. पण तो जिवंत असतानाच मी सात वर्षं येत होते. तोही विचारायचा. त्याला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. बिचारा त्यातच गेला, आपलंच काही चुकलं असं समजून."

तिच्या नवऱ्याची गोष्ट माझ्या गोष्टीसारखी नव्हती, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

"मग तुला काय म्हणायचं मी?" तिनं विचारलं.

"माहीत नाही मला."

"काहीतरी म्हणावं लागेल ना. जेवायला हाक तरी मारायची की नाही?"

"एकदा," मी म्हटलं. "एकदा गॉर्डीसारखं म्हणून बघ. नाही बरं वाटलं तर सोडून दे."

तिनं दोन कपांत चहा ओतला. तो काळा कडू झाला होता. एक कप माझ्यापुढं सरकवला आणि टेबलाकडेच बघत, शाळेत पाठ म्हणून दाखवावं तसं म्हणाली, "चहा घे रे."

मी उठून लाकडं ठेवायच्या छपराखाली गेले आणि सरपणावर बसून रडले. ती मागे आली नाही. परत गेले तेव्हा तिनं माझा कप बशीनं झाकून ठेवला होता.

पुढच्या दोन दिवसांत ती दहा वेळा चुकली आणि दहाही वेळा स्वतःला शिवी देऊन सुधारली. "ऊठ गं... छे, मरो. ऊठ रे." शेवटी ते इतकं झालं की मीच म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "राहू कसं देऊ, आत्ता कुठं जमायला लागलंय." मग हेलिकॉप्टर आलं आणि ती उशी आणि रोप घेऊन गेली. खालच्या तळावरून तिला घरीच पाठवलं. धुरानं छातीत बिघाड झाला होता. मूसहॉर्नवर त्या उन्हाळ्यात परत कुणी आलं नाही. सातला मी सवयीनं रेडिओ लावायचे आणि खरखर ऐकायचे. सगळ्यात जवळचं माणूस आता एकशे दहा किलोमीटरवर होतं.

इथून पुढचं मी "गेलो", "आलो" असंच सांगतो. ऑगस्टमध्ये, ऐकायला कुणीच नसताना, मी तसं बोलायला लागलो. आधी मोठ्यानं, टॉवरवर, क्षितिज बघताना. उत्तरेला बघितलं, काही दिसलं नाही. पूर्वेला बघून आलो. घरी आम्ही तातोंशी युक्रेनियन बोलतो, आणि त्या भाषेत कालची कुठलीही गोष्ट सांगायची तर क्रियापदाला बाई की पुरुष ते ठरवावंच लागतं. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलताना लपता येतं, तिथं येत नाही. म्हणून मी युक्रेनियनमध्येच बोललो. सिद्ध काही झालं नाही. पण तोंडात ते नीट बसत होतं.

सप्टेंबरच्या मध्याला तातो मला घ्यायला तळावर आले. पाच तासांचा रस्ता. दोन तास ते पिकाबद्दल बोलले आणि लानाच्या तिसऱ्या मुलाच्या बाप्तिस्म्याबद्दल. मग मी युक्रेनियनमधून सांगितलं. आईची भाषा, त्यात मला अवघड शब्द माहीत नव्हते, म्हणून लहान मुलासारखं सांगितलं. गाडीचा वेग कमी झाला नाही. ते रस्त्याकडेच बघत होते, आयुष्यभर बघितलं तसं.

एक गाव मागं पडल्यावर म्हणाले, "आमचं काही चुकलं का?"

"नाही, तातो."

"तुला ग्रेडरवर बसवायचो मी. आई ओरडायची."

"त्यानं नाही झालं."

"मग कशानं?"

"लाना म्हणते, नाचामुळं. मला मुलांच्या ओळीत घातलं होतं तेव्हा."

तातोंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नाचामुळं? लाना होती की त्याच ओळीत. चार पोरी होत्या, सगळ्यांना लाल पायजमे. माझ्याकडे फोटो आहे."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मला त्या ओळीत फक्त मी आठवत होतो. लाना आठवत नव्हती, बाकी दोघी आठवत नव्हत्या. सत्तावीस वर्षं मी त्या एका हिवाळ्याला धरून बसलो होतो, आणि तोच हिवाळा लानाच्याही वाट्याला आला होता, पण तिला त्यातलं काहीच लागलं नाही. हसू येत होतं, पण तातोंसमोर हसायची हिंमत नव्हती. त्यांनी रेडिओवर धान्याचे भाव लावले आणि घर येईपर्यंत आम्ही तेच ऐकलं.

घरी मी आठ दिवस राहिलो. ते सकाळी लवकर उठून कुठं तरी जायचे आणि जेवायच्या वेळी यायचे. आम्ही समोरासमोर बसून खायचो आणि मीठ मागायचो. नवव्या दिवशी मी निघालो. चष्म्याच्या दुकानात परत जावंसं वाटेना. पीस रिव्हर गावात एका बियाण्यांच्या गोदामात दिवसाचं, पोती मोजायचं काम मिळालं. वर एक खोली घेतली. समुपदेशक बाईंशी महिन्यातून दोनदा फोनवर बोलतो. त्यांना मी सांगितलं की कुठून येतं ते मला अजून सापडलेलं नाही, आणि ते न सापडता काय काय करता येईल याची यादी आपण करू. त्या म्हणाल्या, करू. गोदामात मी ओरी एवढंच नाव सांगितलंय. काही जण "रे" म्हणतात, काही "गं". प्रत्येक वेळी सुधारायची ताकद नसते. डिसेंबरात सूर्य साडेचारला बुडतो आणि खोलीत मी आणि हीटर.

वर्नाचं नाताळचं कार्ड आलं. छातीचं दुखणं कमी आहे, डॉक्टर टॉवरवर जाऊ देत नाहीत, आणि घरात करमत नाही. शेवटी "प्रिय ओरी, जप रे" असं लिहिलंय. "रे"च्या आधी काहीतरी खोडलंय, आणि ते खोडलेलंही वाचता येतं.

तातो दर रविवारी फोन करतात. पहिल्या दोन महिन्यांत केला नव्हता, मग एका रविवारी केला आणि नंतर चुकवला नाही. पूर्वी ते विचारायचे, "जेवलीस का? चर्चला गेली होतीस?" आता विचारतात, "जेवण झालं का? बर्फ किती पडला तिकडे? गाडी चालू होते ना थंडीत?" सुरुवातीला मला वाटलं, ते तुटक बोलताहेत. मग लक्षात आलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, जन्मभर एकच भाषा नीट बोललेला, आता प्रत्येक वाक्य असं जुळवतो की त्यात मी बाई की पुरुष हे यायलाच नको. त्याला वेळ लागतो. फोनवर मधे मधे शांतता पडते, आणि पलीकडे तातो पुढचं वाक्य शोधत असतात. त्यांनी मला "आलास" म्हटलेलं नाही. म्हणतील असंही मला वाटत नाही. पण "आलीस" म्हणणं थांबलंय.

गेल्या रविवारी असेच थांबले. मी वाट बघत राहिलो. मग ते म्हणाले, "ईस्टरला घर आहेच. किल्ली नेहमीच्या जागी."

"येतो," मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. फोन कापला गेला की काय म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं. सेकंद पुढं जात होते.

"रस्त्यात बर्फ असेल," तातो म्हणाले. "सावकाश."